जयसिंगरावांच्या चेहऱ्यावरचं तेज

कस्तुरी देशकरला जयवन हर्बल्समध्ये नोकरी लागली ती तिच्या पीएचडीमुळे नव्हे, तर नावामुळे. मुलाखतीला बसल्यावर जयसिंगराव मोहित्यांनी तिचा अर्ज हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि बाकीचा टेबलावर ठेवून दिला.

"कस्तुरी! नावातच औषध आहे की हो तुमच्या. सोमवारपासून या."

तिनं नागपूरला बरीच वर्षं सूज या एकाच विषयावर घालवली होती. सूज का येते, कशानं वाढते, कशानं उतरते, हे तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नवऱ्याला, निहारला, सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं म्हणून सत्त्याण्णव साली दोघं बंगळूरला आली. तो दिवसभर दोन हजार साल उजाडल्यावर अमेरिकेतले संगणक गोंधळू नयेत याची काळजी वाहायचा. आपल्यालाही कुणाची तरी काळजी वाहायला मिळावी, एवढीच कस्तुरीची अपेक्षा होती.

जयसिंगरावांचं घराणं बंगळूरच्या मल्लेश्वरमचं. किती पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण घरात मराठी टिकून होती. तिच्यात कानडी मात्र सढळ हातानं मिसळलेली. आजोबांपासून उदबत्तीचा धंदा. पण त्या वर्षांत लोकांना झाडपाल्याचा भलताच पुळका आला होता. साबणात कडुनिंब, तेलात ब्राह्मी, दंतमंजनात काय वाटेल ते. उदबत्तीचा लगदा आणि गोळीचा लगदा यांत फरक एवढाच, की एक पेटवायची असते आणि दुसरी गिळायची, हे जयसिंगरावांच्या लक्षात आलं. त्यांनी शहराबाहेर बोम्मसंद्र्याला शेड घेतली, गोळ्या पाडायचं यंत्र बसवलं आणि दारावर 'संशोधन विभाग' अशी पितळी पाटी लावली. पाटीच्या आतल्या बाजूला काहीतरी असावं म्हणून मग कस्तुरीला नेमलं.

कंपनीत वैद्यही होते. भीमाचार्य. शुभ्र दाढी, कपाळावर गंध, अंगावर शाल. ते दर गुरुवारी येत, कॉफी घेत आणि जात. त्यांचं मुख्य काम खोक्यावरच्या फोटोत असणं हे होतं, आणि ते काम ते चोख करत.

"बाई, सांधेदुखीवर एक गोळी काढायची," जयसिंगरावांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "नाव ठरलंय, जयगती. खोका ठरलाय. आता आत काय घालायचं तेवढं स्वल्प बघा."

कस्तुरीनं ते 'स्वल्प' फार मनावर घेतलं. शल्लकी म्हणजे सालईचा डिंक, निर्गुंडी, सुंठ, हळद यांचे अर्क तिनं वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र करून पाहिले. कुठला अर्क पाण्यात काढायचा, कुठला अल्कोहोलमध्ये, कुठला तापवला की मरतो, यात तिचे महिने गेले. मग प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर. त्यांच्या मागच्या पंजात सूज आणणारं द्रव्य टोचायचं, काहींना औषध द्यायचं, काहींना नुसतं पाणी, आणि मग पंजा पाण्याच्या नळीत बुडवून पाणी किती चढलं ते बघायचं. पाणी कमी चढलं म्हणजे सूज कमी. मालकांना दाखवायला काहीच भव्य नव्हतं त्यात. पण एके दुपारी मांडणी जुळली. औषध घेतलेल्या उंदरांची सूज इतरांपेक्षा तीस टक्क्यांनी कमी भरली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. पोटाला त्रास नाही, रक्त ठीक, उंदीर ठणठणीत.

ती धावतच जयसिंगरावांच्या केबिनमध्ये गेली.

"तीस?" ते म्हणाले. "अहो, पस्तिसाला पास करतात."

"साहेब, झाडपाल्यानं एवढं येणं चांगलं आहे. आणि माणसात हळूहळू येईल गुण. दीड-दोन महिने घेतलं तर—"

"दीड-दोन महिने!" जयसिंगरावांचे स्वतःचे दोन्ही गुडघे कायम सुजलेले. त्यांनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. "माझ्याकडे बघा. मी गिऱ्हाईक आहे. मी दोन महिने थांबेन? मला सकाळी गोळी, संध्याकाळी जिना पाहिजे. माहितीपत्रकात 'तीन दिवसांत' असं छापून झालंय."

विज्ञानानं छपाईच्या मागून चालायचं असतं, हे कस्तुरीला नागपूरला कुणी शिकवलं नव्हतं.

अशा वेळी देव कुणाला तरी पाठवतो. जयसिंगरावांकडे त्यानं बिंदुमाधवला पाठवलं. झुळझुळीत सफारी, हातात ब्रीफकेस, आणि ब्रीफकेसमध्ये मळकट पिवळ्या पावडरीच्या पिशव्या. हा म्हणे खास शल्लकीचा अर्क. घनदाट जंगलातली झाडं, आदिवासींनी विशिष्ट नक्षत्रावर काढलेला डिंक. कुठलं जंगल, हे व्यवसायाचं गुपित.

"याच्यात शल्लकीचा अंश किती टक्के आहे?" कस्तुरीनं विचारलं.

"मॅडम, टक्के विचारू नका. गुण विचारा," बिंदुमाधव म्हणाला. जयसिंगरावांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते खोक्यावर छापायला पाठवलं.

कस्तुरीनं तो अर्क घालून पुन्हा उंदरांवर प्रयोग केला. सूज जवळजवळ आलीच नाही. पंजे फुलासारखे. तिला आनंद व्हायला हवा होता. पण वर्गातल्या ढ मुलानं एकदम पैकीच्या पैकी गुण मिळवल्यावर मास्तरणीला जसं वाटतं, तसं तिला वाटलं.

जयसिंगरावांना असलं काही वाटलं नाही. त्यांनी त्या दिवसापासून स्वतः गोळ्या सुरू केल्या, आणि आठवड्याच्या आत ते मल्लेश्वरमच्या घराचा जिना गाणं गुणगुणत चढले. भूक लागायला लागली. पूर्वी एका डोशावर भागायचं, आता तीन. गाल भरले. उतरलेला, खप्पड चेहरा महिन्या-दोन महिन्यांत गोल, लालसर, चकचकीत झाला. देवळात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत लोक थांबवून विचारू लागले, "अण्णा, काय तेज आलंय हो चेहऱ्यावर!" त्यावर जयसिंगराव खिशातून जयगतीची पट्टी काढून देत. समाजाच्या स्नेहसंमेलनात तर त्यांनी पिशवीभर पट्ट्या फुकट वाटल्या आणि संपल्या की पुन्हा पाठवत राहिले. भीमाचार्यांनी चेहरा निरखून सांगितलं, "ओज वाढलंय." इतकी वर्षं त्यांना कुणी निदान विचारलं नव्हतं; पहिलंच केलं, तेही असं.

त्याच सुमाराला उंदीर वाळायला लागले. औषध दीर्घकाळ घेतलं तर अपाय होत नाही ना, हे पाहायला कस्तुरीनं काही उंदरांना रोज तीच गोळी सुरू ठेवली होती. त्यांची वजनं घसरत चालली, केस विस्कटले. तपासणीत छातीतली एक ग्रंथी सुकून तिळाएवढी झालेली दिसली. एकाच औषधानं मालक फुगतात आणि उंदीर वाळतात. असं करणारं एक द्रव्य कस्तुरीला चांगलं माहीत होतं, आणि ते कुठल्याही झाडाला लागत नाही.

तिनं पांढरा लेप दिलेली काचेची पट्टी घेतली. एका कडेला बिंदुमाधवच्या अर्काचा थेंब लावला, शेजारी बाजारातल्या साध्या शल्लकीचा, आणि तिसरा शुद्ध डेक्सामेथासोनचा. हे स्टेरॉइड. सूज हां हां म्हणता उतरवतं आणि त्याची किंमत शरीराकडून नंतर वसूल करतं. पट्टी द्रावणात उभी केली, थेंबांतली द्रव्यं वर चढली. अतिनील दिव्याखाली धरल्यावर बिंदुमाधवच्या अर्कातला एक काळा ठिपका डेक्सामेथासोनच्या ठिपक्याच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर बसला होता. साध्या शल्लकीत तिथं काहीच नव्हतं. खात्रीसाठी तिनं बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला. त्यांचंही उत्तर तेच आलं.

ठिपक्यांभोवती पेन्सिलीनं खुणा करून ती पट्टी घेऊन केबिनमध्ये गेली. गुरुवार होता, भीमाचार्य कॉफी पीत होते.

"साहेब, आपल्या गोळीत स्टेरॉइड आहे."

जयसिंगरावांनी पट्टी उजेडाकडे धरली. त्यांच्या गोल चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"म्हणजे शल्लकीत स्टेरॉइड असतं? हे तुम्ही शोधलंत? कस्तुरीबाई, पेटंट घ्या की!"

"शल्लकीत नसतं, साहेब. कारखान्यात बनवलेलं आहे. त्या बिंदुमाधवनं मिसळलंय."

"ऋषींना सगळं ठाऊक होतं," भीमाचार्य म्हणाले.

"डेक्सामेथासोन ठाऊक होतं?"

"नाव वेगळं असेल."

कस्तुरीनं आवाज शक्य तितका खाली ठेवला. "साहेब, तुमचं तोंड सुजलंय. ते तेज नाही. तुमची साखर तपासली पाहिजे. आणि एक गोष्ट पाय धरून सांगते, गोळी एकदम बंद करू नका. इतके महिने बाहेरून मिळाल्यामुळे शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं. डॉक्टरकडे जाऊन हळूहळू कमी करावी लागेल."

जयसिंगरावांना या सगळ्यातलं एकच वाक्य लागलं: ते तेज नाही. मल्लेश्वरमनं मान्य केलेली गोष्ट ही नागपूरची बाई नाकारत होती.

"सरी, ठीक आहे," ते उठत म्हणाले. "तुम्ही म्हणता स्टेरॉइड. मी म्हणतो शल्लकी. मी आजपासून गोळी बंद करतो. पुढच्या आठवड्यात हॉटेलात जयगती बाजारात आणायचा समारंभ आहे. तिथं मी स्टेजवर उभा राहीन, सगळ्यांसमोर. मला काही झालं तर तुमचं खरं."

"साहेब, असं नका करू. घ्या, पण बंद करू नका!"

स्वतःच्या हातानं उघडं पाडलेलं औषध घ्या म्हणून विनवण्याची पाळी तिच्यावर आली होती. जयसिंगराव विजयी मुद्रेनं हसले. "बघा आचार्य, आता घ्या म्हणतायत."

दोन दिवस ते झकास होते. मग गुडघे ठणकू लागले. मग उलट्या. समारंभाच्या दिवशी त्यांना गाडीतून हाताला धरून उतरवावं लागलं, पण समई लावायला ते हट्टानं स्टेजवर गेले. कस्तुरी पहिल्याच रांगेत, त्यांच्या बायकोशेजारी बसली होती. शारदाबाई शांत, कमी बोलणाऱ्या. कारखान्यात त्यांचं येणं दसऱ्याच्या आयुधपूजेपुरतं. मागच्या पडद्यावर जयगतीचा भलामोठा खोका, त्यावर भीमाचार्यांचा फोटो, त्याखाली 'टक्के विचारू नका, गुण विचारा'. जयसिंगरावांनी मेणबत्ती पुढे केली, ती हातातून गळली, आणि ते समईला वळसा घालून खाली कोसळले.

लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. नमस्कार घालतायत असं वाटलं.

भीमाचार्यांनी नाडी धरली. डोळे मिटले. मग उघडून, आयुष्यात प्रथमच अगदी नेमकं निदान केलं. "ॲम्ब्युलन्स बोलवा."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कुठली औषधं चालू होती?"

शारदाबाईंनी पर्समधून जयगतीची पट्टी काढली. "हेच. आमचंच."

"यात काय आहे?"

शारदाबाईंनी कस्तुरीकडे पाहिलं. कस्तुरीनं सांगितलं, द्रव्याचं नाव, अंदाजे मात्रा, किती महिने, कधी बंद केलं. डॉक्टरांचे प्रश्न मिटले. ते पळतच आत गेले. थोड्या वेळानं नर्सनं सांगितलं, रक्तदाब वर येतोय, साखर मात्र फार आहे.

व्हरांड्यात बाकावर दोघीच उरल्या.

"तुला ठाऊक होतं?" शारदाबाईंनी विचारलं.

"हो. साहेबांना सांगितलं होतं मी. बंद करू नका असंही सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

खरं उत्तर असं होतं की कस्तुरीच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. शारदाबाई म्हणजे सणावाराला लिंबू पिळलेल्या चित्रान्नाचा डबा पाठवणाऱ्या बाई.

"हे रोज माझ्या हातून पाणी मागून गोळी घ्यायचे," शारदाबाई म्हणाल्या. "रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचे पाण्याला. माझ्या बहिणीला साखर आहे, मला कळत होतं. म्हटलं दाखवा कुणाला तरी. तर म्हणे तेज बघ, तेज. मी एकटीच म्हणत होते तोंड सुजलंय. तू आणि मी बोललो असतो तर?"

"चुकलंच माझं, अक्का."

"आणि कंपनी कुणाच्या नावावर आहे, ठाऊक आहे का तुला?"

महिला उद्योजकांना कर्ज सवलतीत मिळतं, म्हणून जयसिंगरावांनी सगळं बायकोच्या नावावर केलं होतं. शारदाबाई वर्षानुवर्षं बोट ठेवलेल्या जागी सही करत आल्या होत्या. ते बोट जयसिंगरावांचं असे, आणि आता त्या हाताला सलाइन लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शारदाबाई बोम्मसंद्र्याला आल्या, नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या, आणि यंत्र बंद करायला सांगितलं. तयार गोळ्यांची पोती त्यांनी कस्तुरीच्या समोर सील केली आणि औषध खात्याच्या अधिकाऱ्यांना स्वतः फोन लावला. ते आले, पंचनामा झाला, माल गेला. बिंदुमाधवचा नंबर फिरवला तर हा नंबर अस्तित्वात नाही असं टेलिफोन खात्यानं कानडी, हिंदी आणि इंग्रजीत सांगितलं. भीमाचार्यांचा निरोप आला, की खोक्यावरचा फोटो आपल्या परवानगीशिवाय छापला असून आपण आयुष्यात त्या कारखान्यात पाऊल ठेवलेलं नाही. कॉफीचा पेला मात्र त्यांच्या नावाचा होता, तो शारदाबाईंनी घरी पोचता केला.

जयसिंगराव शुद्धीवर आले, आणि डॉक्टरही आपल्याला स्टेरॉइडच देतायत, फक्त मोजून आणि उतरत्या क्रमानं, हे कळल्यावर त्यांना हुरूप आला. "म्हणजे औषध बरोबरच होतं की!" शारदाबाईंनी त्यांच्या तोंडात इडलीचा तुकडा घातला, आणि तो विषय तिथंच संपला.

कस्तुरीचा विषय संपला नव्हता. फुकट वाटलेल्या पट्ट्या घराघरांत होत्या, आणि आता नवीन मिळणार नाहीत म्हणजे लोक एकदम बंद करणार. ती आणि शारदाबाई रिक्षा करून घरोघर फिरू लागल्या. लोक आभार मानतील असं कस्तुरीला वाटलं होतं. पहिल्याच घरी एका बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "अजून आणल्यात का पट्ट्या?" दुसऱ्या घरी म्हणाले, चांगलं औषध सापडलं की मोठ्या कंपन्या असेच डाव टाकतात. तिसरीकडे कॉफी मिळाली, पण गोळी परत मिळाली नाही.

शेवटी राहिले गुंडूराव. निवृत्त पोस्टमास्तर, मार्गोसा रोडच्या मागच्या गल्लीत एकटे राहणारे. दार त्यांनी स्वतः उघडलं, ताठ चालत आले. चेहरा पुरणपोळीसारखा गोल.

कस्तुरीनं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुम्ही शिकलेल्या आहात. खोटं कशाला बोलाल," ते म्हणाले. "पण बाई, मी चार वर्षांत देवळापर्यंत गेलो नव्हतो. या गोळीनं रोज जातो. तुमच्या खऱ्या औषधानं जाईन?"

टक्के सांगण्यात अर्थ नव्हता, आणि गुणांबद्दल थाप मारायची नव्हती.

"कोपऱ्यापर्यंत जाल," कस्तुरी म्हणाली. "काही आठवड्यांनी. देवळापर्यंत, कदाचित, काठी घेऊन."

"आणि हे घेत राहिलो तर?"

"काही महिने देवळापर्यंत. मग हाडं ठिसूळ होतील, साखर चढेल. मग कुठंच नाही."

"अण्णा," शारदाबाई म्हणाल्या, "आमच्या घरी झालंय ते. मी डोळ्यांनी बघितलंय."

गुंडूराव आत गेले आणि चार पट्ट्या घेऊन आले. तीन शारदाबाईंच्या हातात दिल्या, चौथी छातीशी धरली.

"ही डॉक्टर सांगतील तशी कमी करायला. बरोबर?"

"बरोबर," कस्तुरी म्हणाली. "चला, आत्ताच जाऊ."

"आत्ता नको. आधी देवळात जाऊन येऊ दे. चालत. पुन्हा कधी जमतंय कुणाला ठाऊक."

त्यांनी चपला घातल्या. शारदाबाईंनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. गुंडूराव रस्त्याच्या मधोमध, खोट्या गोळीच्या जोरावर, खऱ्याखुऱ्या ऐटीत चालत निघाले, आणि त्या दोघी त्यांच्या मागून, त्यांना गाठता गाठता धापा टाकत.